आधी पाठ, मग चित्र: जिम्बोचोमधील जुन्या सिल्कस्क्रीन पोस्टरांचे एक दुकान

टोकियोच्या जिम्बोचो भागात एका अरुंद इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जुन्या जपानी सिल्कस्क्रीन पोस्टरांचे एक लहानसे दुकान आहे. गेल्या चार वर्षांत मी तेथे अकरा वेळा गेलो, तीन पोस्टरे विकत घेतली आणि विकत न घेता आल्यामुळे मनाला लागून राहिलेली कितीतरी पाहिली. दुकानाचे नाव मी देणार नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. ते एकटेच दुकान सांभाळतात, दिवसाकाठी तीनपेक्षा अधिक गिऱ्हाइकांना वेळ देत नाहीत, आणि नुसते पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली तर ज्या पद्धतीने ते माल दाखवतात ती पद्धतच मोडून पडेल अशी त्यांना काळजी वाटते. ही काळजी मला रास्त वाटते. ज्याला खरोखरच जायचे आहे त्याने जिम्बोचोतील मुद्राचित्रांच्या, म्हणजे छापून काढलेल्या कलाचित्रांच्या, दोन-तीन दुकानांत विचारपूस करावी; पत्ता मिळतो.

पोहोचणे सोपे आहे. आपली बरीच मराठी मंडळी निशी-कासाईला राहतात; तेथून तोझाई मार्गाच्या गाडीने कुदानशिता स्थानकावर उतरावे आणि यासुकुनी-दोरी या मोठ्या रस्त्याने पूर्वेकडे दहा मिनिटे चालावे. या रस्त्यावरील जुन्या पुस्तकांची बहुतेक दुकाने दक्षिण बाजूला आहेत, म्हणजे त्यांची तोंडे उत्तरेकडे आहेत. ऊन थेट आत येत नाही आणि कागद करपत नाही, असा त्यामागचा विचार आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. जुन्या कागदाचा धंदा करणाऱ्यांनी अख्ख्या रस्त्याची बाजू उन्हाकडे पाहून ठरवावी, हे कळल्यापासून मात्र त्या रस्त्याविषयीचा माझा आदर वाढला आहे.

दुकानात शिरल्यावर प्रथम आश्चर्य वाटते ते भिंतींचे. पोस्टरांच्या दुकानात भिंतीवर एकही पोस्टर नाही. नकाशे ठेवण्याच्या कपाटांना असतात तसे रुंद आणि उथळ पोलादी कप्पे दोन भिंतींना लागून आहेत, खिडकीवर जाड पडदा आहे, आणि मधोमध राखाडी लोकरी कापड घातलेले एक भले मोठे टेबल आहे. टेबलावर एक दिवा, एक दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लाकडी पट्टी, एवढेच सामान. जपानमध्ये पोस्टरासाठी रूढ असलेला मोठा आकार ७२८ बाय १०३० मिलिमीटरचा, ज्याला धंद्यातले लोक ‘बी-झेन’ म्हणतात. तसे दोन कागद शेजारी शेजारी उघडे ठेवता येतील एवढे ते टेबल आहे. कप्प्यांवर कलावंतांची नावे नाहीत, आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत. गिऱ्हाइकाने कप्पा उघडायचा नाही. काय पाहायचे आहे ते बोलून सांगायचे, आणि मालक त्यातले काय दाखवायचे ते ठरवतात.

सिल्कस्क्रीन म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. कोल्हापुरात माझ्या मामांचा स्क्रीन प्रिंटिंगचा व्यवसाय होता. लग्नपत्रिका, दुकानांच्या कापडी पिशव्या, गणेशोत्सवाच्या मंडळांचे स्टिकर असे काम असे, आणि शाळेच्या सुट्टीत छापलेल्या पत्रिका वाळवणीच्या जाळीवर एकेक करून पसरण्याचे काम आम्हा भाच्यांकडे असे. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेले जाळीचे कापड, त्यावर चढवलेला रसायनाचा थर, उजेड दाखवून धुतल्यावर जेथे छापायचे तेवढीच मोकळी राहणारी जाळी, आणि रबराच्या पट्टीच्या, म्हणजे स्क्वीजीच्या, एका ओढीत त्या मोकळ्या जागेतून खाली कागदावर उतरणारी शाई. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. लाल पत्रिकेवर सोनेरी गणपती छापायचा तर एक चौकट पुरे; पण गणपतीच्या उपरण्याला हिरवा काठ हवा असला की दुसरी चौकट आली, आणि दोन्ही रंग एकमेकांशी तंतोतंत जुळवण्याची कसरत आली. मामा ओल्या छपाईवरून कधीही बोट फिरवू देत नसत, पण वाळल्यावर म्हणत, ‘‘आता डोळे मिटून बोट फिरव, गणपती कुठं बसलाय ते कळेल.’’ आणि ते कळत असे.

जुन्या जपानी पोस्टरांची गोडी मला या बोटामुळेच लागली असावी. १९६० आणि १९७० च्या दशकांत टोकियोत ज्या प्रायोगिक नाट्यसंस्था आणि नृत्यसंघ उभे राहिले, त्यांना हजारो प्रती नको होत्या आणि परवडतही नव्हत्या. ऑफसेट छपाईत, म्हणजे धातूच्या पत्र्यांवरून यंत्राने होणाऱ्या छपाईत, सुरुवातीचा खर्च मोठा असतो, तो प्रती वाढल्या तरच वसूल होतो. सिल्कस्क्रीनमध्ये शंभर-दोनशे प्रती काढणेही झेपते. शिवाय शाईचा थर जाड बसतो, त्यामुळे लाल हा खराखुरा लाल दिसतो, काळ्याला मखमलीची खोली येते, आणि दोन शुद्ध रंग एकमेकांना खेटून बसले की नजर थरथरते. ज्या चित्रकारांना सपाट, उग्र, बाजारू म्हणून हिणवले जाणारे रंगच मुद्दाम वापरायचे होते, त्यांना यापेक्षा योग्य साधन दुसरे नव्हते. हे कागद पुढे चहा-कॉफीच्या दुकानांत आणि दारूच्या गुत्त्यांत टाचण्या मारून लावले गेले, सिगारेटच्या धुराने पिवळे पडले, प्रयोग संपल्यावर फाडून फेकले गेले. आज जे उरले आहेत ते कोणीतरी वेळीच गुंडाळून माळ्यावर ठेवले म्हणून उरले आहेत, आणि दुर्मीळपणाचे खरे कारण तेवढेच आहे.

या साऱ्या चळवळीत सर्वांत मोठे नाव तादानोरी योकोओ यांचे. त्यांचा जन्म १९३६ चा, ह्योगो प्रांतातील निशिवाकीचा. हे विणकरांचे गाव आहे, आणि ज्या काकांच्या घरी ते दत्तक गेले त्यांचा किमोनोच्या कापडाचा व्यापार होता. कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेली झगझगीत लेबले, काडेपेट्यांवरची चित्रे, मुलांच्या खेळातील पत्ते, उगवत्या सूर्याचे किरण, हे सगळे त्यांच्या पोस्टरांत परतून येते. १९६५ साली टोकियोच्या गिन्झा भागातील मात्सुया या मोठ्या दुकानात ‘पर्सोना’ नावाचे प्रदर्शन भरले, त्यात त्यांनी स्वतःच्याच नावाचे एक सिल्कस्क्रीन पोस्टर मांडले. मधोमध गळफास लागलेला, हातात गुलाब धरलेला माणूस. मागे सूर्याचे लाल-निळे किरण. फुजी पर्वत, शिन्कान्सेन गाडी, आणि खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचा बाळपणीचा फोटो. सोबत वाक्य असे की एकोणतिसाव्या वर्षी कळस गाठून मी मेलो. त्या काळी जपानी ग्राफिक कलेत युरोपीय वळणाच्या नेटक्या, मोकळ्या मांडणीचा बोलबाला होता, आणि ज्या गावरान चित्रसंपदेची सुशिक्षितांना लाज वाटे तीच योकोओ यांनी उचलून अग्रभागी आणली. जुरो कारा यांच्या जोक्यो गेकिजो या नाट्यसंस्थेसाठी, तात्सुमी हिजिकाता यांच्या नृत्यासाठी आणि शुजी तेरायामा यांच्या तेन्जो साजिकी या नाट्यसंस्थेसाठी त्यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत केलेली पोस्टरे म्हणजे संग्राहकांच्या दृष्टीने या प्रांतातील शिखरे आहेत. १९७२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. आज कोबे शहरात त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे, ते २०१२ साली सुरू झाले. या विषयात पैसे घालण्याआधी तेथे जाऊन डोळा तयार करून यावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

आता दुकानाकडे परत येतो, कारण येथे जे शिकायला मिळते ते संग्रहालयात काचेपलीकडून मिळत नाही. मालक सत्तरीच्या आसपासचे आहेत, कमी बोलतात, आणि पोस्टर नेहमी पालथे ठेवतात. पहिल्या भेटीत मला ते विचित्र वाटले होते. कप्प्यातून कागद काढला, दोन्ही हातांच्या तळव्यांवर तोलत आणला, आणि चित्राची बाजू खाली करून टेबलावर पसरला. मग दिवा अगदी खाली, कागदाच्या पातळीला आणला, आणि म्हणाले, ‘‘आधी पाठ पाहून घ्या. समोरची बाजू पाहिली की माणूस प्रेमात पडतो, मग पाठ पाहायची राहून जाते.’’ आडव्या उजेडात पाठीवरचे सगळे काही उठून दिसते: जुन्या चिकटपट्टीचे तपकिरी पट्टे, घडीची रेघ, ओल लागून आलेल्या लाटा, टाचण्यांची छिद्रे, कोणी मागून पातळ जपानी कागद चिकटवून आधार दिला असेल तर त्याच्या कडा. प्रत्येक दोष ते पट्टीच्या टोकाने दाखवतात आणि त्याला धंद्यातला शब्द सांगतात. उन्हाने वा हवेने आलेला पिवळेपणा तो ‘याके’, ठिपक्यांसारखे डाग ते ‘शिमि’, मागून दिलेला आधार तो ‘उराउची’. हे सगळे दाखवून झाले की मगच कागद उलटतात. किमतीचा शब्द त्यानंतर, तोही गिऱ्हाइकाने विचारला तरच.

माझ्या संग्रहातील दुसरे पोस्टर मी असेच घेतले. एका लहान नाट्यसंस्थेच्या प्रयोगासाठी छापलेले, चित्रकाराचे नाव न दिलेले, बी-झेन आकाराचे. पाठ पाहिली तेव्हा चारही कोपऱ्यांना टाचण्यांची छिद्रे होती, एका कोपऱ्याला तर तीन, म्हणजे ते किमान तीनदा कोठेतरी लावले आणि काढले गेले होते. डाव्या कडेला बोटभर रुंदीचा पिवळसर पट्टा होता. कागद उलटल्यावर समोर आली एक स्त्री, तिच्या केसांच्या जागी समुद्राच्या लाटा, लाटांवर एक आगगाडी, आणि मागे नारिंगी आभाळ. मालकांनी भिंग माझ्या हातात दिले आणि लाटेची कड पाहायला सांगितले. निळ्या शाईची कड करवतीच्या दातांसारखी बारीक दंतुर होती. ती जाळीच्या धाग्यांची खूण. निळ्याखाली गुलाबी रंग आधी छापलेला होता, आणि जेथे निळा त्यावर चढला होता तेथे उंचवटा तयार झाला होता, इतका की आडव्या उजेडात त्याची सावली पडत होती. आगगाडीच्या खिडक्या मोजल्या तर सात. त्यांतील सहा पिवळ्या आणि एक कोरी, कारण त्या ठिकाणी जाळी बुजली असावी आणि शाई उतरलीच नव्हती. मी ती कोरी खिडकी कितीतरी वेळ पाहत राहिलो. मामांकडे अशी पत्रिका निघाली की ती बाजूला काढून ठेवत. येथे मात्र त्या संध्याकाळी कोणीतरी घाईत स्क्वीजी ओढली होती, प्रयोगाची तारीख जवळ आली होती, आणि तो कागद तसाच भिंतीवर गेला होता. पोस्टराच्या मागे एवढी माणसे उभी असतात हे मला त्या खिडकीने दाखवले.

त्याच वेळी मालकांनी आपणहून एक दोष सांगितला, जो मला कधीच कळला नसता. आभाळाचा नारिंगी रंग मुळात फ्लुरोसंट होता आणि तो निम्म्याहून अधिक उतरला आहे, असे ते म्हणाले. पुरावा म्हणून त्यांनी खालची कड दाखवली. तेथे बहुधा वर्षानुवर्षे चौकटीची पट्टी आली असावी, कारण दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात तोच रंग अजून निखाऱ्यासारखा पेटलेला होता. फ्लुरोसंट शाई उजेडाला सर्वांत आधी बळी पडते, आणि या काळातील पोस्टरांत ती भरपूर वापरलेली आहे. पूर्ण रंगाची प्रत मिळाली असती तर किंमत तिप्पट झाली असती, म्हणाले, आणि ६२,००० येन सांगितले. मी घासाघीस केली नाही. तेथे तशी रीत नाही, आणि ज्या माणसाने न विचारता एवढे सांगितले त्याच्याशी ती करावीशी वाटलीही नाही.

या प्रामाणिकपणाचे मोल मला कळते, कारण त्याआधी मी एकदा फसलो होतो. इंटरनेटवरील एका लिलावात मी १९६० च्या दशकातील सिल्कस्क्रीन म्हणून एक नाट्यपोस्टर घेतले. छायाचित्रे सुरेख होती आणि वर्णनात ‘मूळ प्रत’ असे स्पष्ट लिहिले होते. कागद हाती आला तेव्हा बोट फिरवले, तर शाई लागलीच नाही. भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे बारीक ठिपके फुलासारख्या वर्तुळांत बसलेले दिसले, म्हणजे मूळ पोस्टराचे छायाचित्र काढून ऑफसेटवर केलेली ती पुनर्मुद्रित प्रत होती. विकणाऱ्याने पैसे परत करण्यास नकार दिला आणि लिलावाच्या संस्थेने मुदत संपल्याचे कारण सांगितले. पैशांपेक्षा अधिक लागली ती गोष्ट अशी की त्या कागदाकडे पाहून मी दोन दिवस खरोखर आनंदात होतो.

येथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर वाचकाची दिशाभूल होईल. ऑफसेट म्हणजे नक्कल, असे समीकरण चुकीचे आहे. त्या काळातील कितीतरी अस्सल पोस्टरे मुळातच ऑफसेटवर छापली गेली आहेत, योकोओ यांचीही. तसेच ठिपके दिसले म्हणजे सिल्कस्क्रीन नाहीच असेही नाही; छायाचित्राचा भाग सिल्कस्क्रीनवर घेताना ठिपके पाडावेच लागतात, फक्त ते भरड असतात आणि प्रत्येक ठिपक्याला जाडी असते. उलट शाई जाड आहे म्हणून प्रत जुनीच असेल, हेही खरे नाही, कारण गाजलेल्या रचना पुढे सिल्कस्क्रीनवरच पुन्हा छापल्या गेल्या आहेत, काही सही आणि क्रमांकासह मुद्राचित्रे म्हणून. त्या प्रतींत काही गैर नाही. त्या वेगळी वस्तू आहेत आणि त्यांची किंमत वेगळ्या हिशेबाने लागते. या दुकानात अशा प्रती वेगळ्या कप्प्यात आहेत आणि प्रत्येकीच्या पाठीमागच्या पारदर्शक पाकिटात ‘नंतरची छपाई’ अशी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे. चिठ्ठी कागदावर चिकटवलेली नाही, पाकिटात सुटी आहे. एवढी काळजी घेणारे दुकान मी दुसरे पाहिलेले नाही.

मालाचा साठा मोठा नाही. योकोओ यांची सुरुवातीची नाट्यपोस्टरे मी तेथे दोनदाच पाहिली, दोन्ही आधीच कोणासाठी राखून ठेवलेली. त्यांची किंमत मी विचारली नाही, मालकांनी ती सांगितलीही नाही. मात्र पाहू द्या म्हटल्यावर पूर्ण पाऊण तास टेबलावर राहू दिली. आकिरा उनो यांची नाजूक, सापासारख्या वळणांच्या रेषांची पोस्टरे अधूनमधून येतात. केइची तानाआमी यांचे काम पूर्वी सहज मिळे, आता दुर्मीळ झाले आहे. तानाआमी यांचाही जन्म १९३६ चा, टोकियोतला. लहानपणी पाहिलेल्या हवाई हल्ल्यांत आकाशातील उजेड आजोबांच्या हौदातील सोनेरी माशांवर चमकताना त्यांना दिसला, आणि ते मासे आयुष्यभर त्यांच्या चित्रांत पोहत राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय कला केंद्रात त्यांचे मोठे सिंहावलोकन प्रदर्शन सुरू झाले आणि दोनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्या प्रदर्शनानंतरच्या भेटीत मी त्यांच्या एका सिल्कस्क्रीनची चौकशी केली, तेव्हा मालक एवढेच म्हणाले, ‘‘या वर्षी विकणार नाही. लोक आत्ता बातमी विकत घेतील, चित्र नाही.’’ धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय कसा आहे ते ते जाणोत; मला मात्र त्या दिवशी त्यांच्याविषयी विश्वास वाटू लागला.

माझे तिसरे पोस्टर, १,१०,००० येनांचे, १९७० च्या दशकातील आहे आणि त्यात कमळावर बसलेली एक देवी आहे. ही देवी मराठी माणसाला परकी वाटत नाही. योकोओ यांच्यासह त्या पिढीतील अनेक जपानी कलावंत सत्तरच्या दशकात भारतात येऊन गेले, आपल्याकडच्या कॅलेंडरवरील देवदेवता त्यांच्या कामात उतरल्या, आणि परत गेल्यावर त्यांनी लक्ष्मीला फुजीच्या पायथ्याशी बसवले. पण ही देवाणघेवाण त्याहून जुनी आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी काडेपेट्या जपानमध्ये तयार झालेल्या असत, आणि त्यांच्यावर आपलेच देव छापलेले असत. लोणावळ्याजवळ मळवलीला ज्या छापखान्यातून राजा रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर गेली, त्याची आठवण मला हे पोस्टर पाहताना हटकून येते. ती छपाई दगडावरची आणि ही जाळीतून उतरलेली, पण देवघराच्या भिंतीवरचा तो गुलाबी रंग दोन्हीकडे सारखाच आहे. मालकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी रविवर्म्याची चित्रे पाहायची इच्छा व्यक्त केली, आणि पुढच्या खेपेला मी आजीच्या देवघरातील लक्ष्मीचे छायाचित्र नेले. त्यांनी ते भिंगाखाली धरले, मग म्हणाले की छायाचित्रात छपाई दिसत नाही, मूळ आणा. तेव्हापासून ते आणायचे ठरवून आहे.

दुकानात उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. सर्वांत मोठी उणीव लेखी नोंदींची. मालक तोंडी सर्व काही सांगतात, पण पावतीवर फक्त शीर्षक, आकार आणि रक्कम असते. दोषांची, दुरुस्तीची, आणि छपाई मूळ की नंतरची याची नोंद पावतीवरच असायला हवी. उद्या मला पोस्टर विकायचे झाले किंवा विमा उतरवायचा झाला तर त्यांचे शब्द माझ्या उपयोगाचे नाहीत. मी दोनदा विनंती केल्यावर त्यांनी तिसऱ्या पोस्टराबाबत अर्धे पान लिहून दिले, आणि ते अतिशय उत्तम होते, त्यामुळे हे त्यांना जमत नाही असे म्हणता येत नाही. दुसरी उणीव बांधणीची. पहिले पोस्टर त्यांनी बारीक व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून दिले. जाड शाईचा कागद घट्ट गुंडाळला की शाईला बारीक चिरा जातात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? माझ्या पोस्टराच्या काळ्या भागात केसाएवढी एक चीर आली. आता मी स्वतःची पंधरा सेंटिमीटर व्यासाची नळी घेऊन जातो, आणि चित्राची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायला सांगतो.

याशिवाय कार्ड चालत नाही, रोखच द्यावे लागतात. परदेशी पाहुण्यांना मिळणारी करसवलत येथे नाही. जपानी भाषा येत नसेल तर सोबत जाणणारा माणूस न्यावा, कारण येथे वस्तूपेक्षा बोलणे महत्त्वाचे आहे आणि मोबाइलवरील भाषांतरात ‘उराउची’सारखे शब्द हरवतात. परदेशी टपालाने माल पाठवत नाहीत; एका अर्थी ते बरेच आहे.

मुंबईला किंवा कोकणात पोस्टर नेणाऱ्यांसाठी अनुभवाचे दोन शब्द. माझे पहिले पोस्टर मी दादरच्या घरी ठेवले होते आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या खालच्या कडेला कसर लागली. कागद कुरतडणाऱ्या त्या चंदेरी किड्याला ओल आणि अंधार दोन्ही आवडतात, आणि गुंडाळून कपाटामागे ठेवलेली नळी म्हणजे त्याचे घरच. आता ते चौकटीत आहे: आम्लविरहित पुठ्ठा, कागद आणि समोरचे आवरण यांच्यात बोटाच्या पेराएवढे अंतर, अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक, आणि बाहेरच्या नव्हे तर आतल्या भिंतीवर, खिडकीच्या समोर येणार नाही असे. चौकट करणाऱ्याने पोस्टर सपाट राहावे म्हणून ते मागच्या फळीवर डिंकाने चिकटवण्याचा आग्रह धरला होता. तो मुळीच मानू नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन लहान बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, एवढा आधार पुरतो. खळ कशी करायची ते मालकांनी मला दाखवले, आणि ती आपल्याकडे पतंगाला लावतात तशीच निघाली, फक्त अधिक वेळ ढवळलेली आणि दोनदा गाळलेली.

ज्यांना घराच्या भिंतीवर रंगीत काहीतरी हवे आहे त्यांनी येथे येऊ नये. कोबेच्या संग्रहालयातून चांगले पुनर्मुद्रण घ्यावे, ते तितकाच आनंद देते. ज्यांना गुंतवणूक म्हणून पोस्टरे घ्यायची आहेत त्यांनाही मालक फार वेळ देत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ज्यांना छपाई ही वस्तू म्हणून कळून घ्यायची आहे, एका कागदावर सहा वेळा शाई कशी चढली आणि सहाव्या वेळी ती कोठे चुकली हे पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ६२,००० येनांत मिळणाऱ्या कागदासोबत दोन तासांची शिकवणी येते. पाच ताऱ्यांत मोजायचे तर मी या दुकानाला चार देतो. पाचवा लेखी नोंदींसाठी राखून ठेवला आहे.

दूरध्वनी करून वेळ घ्यावी, आणि तो सकाळी अकरानंतर करावा. ऑक्टोबरच्या अखेरीस जिम्बोचोत जुन्या पुस्तकांचा उत्सव भरतो, त्या दिवसांत ते कोणालाच वेळ देत नाहीत. दाराशी एक छोटे बेसिन आहे. आत गेल्यावर आधी हात धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. हातमोजे मिळत नाहीत, कारण कागदाची जाडी आणि शाईचा उंचवटा उघड्या बोटालाच कळतो असे मालकांचे म्हणणे आहे. पहिल्या भेटीत ते कडेच्या कोऱ्या कागदालाच हात लावू देतात. शाईवर बोट फिरवू दिले ते मला चौथ्या भेटीत, आणि त्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते.